दोऱ्याने बांधलेली ओळ

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या कोठडीपर्यंत पोचणार नाही, म्हणून खरं लिहिते.

राजा होता तेव्हा तुझी पत्रकं छापखान्यात मीच लपूनछपून जुळवायचे. ‘माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात’ ही तुझी ओळ इतक्यांदा लागायची, की तिचे शिशाचे अक्षर-खिळे सुटे न करता मी ती दोऱ्याने बांधूनच ठेवली. तू हसलास, “चिमणे, स्वातंत्र्यालाच बांधलंस की गं!”

राजा गेला आणि तुझे मित्र गादीवर बसले. तू त्यांनाही तोंडावर सांगितलंस, “चुकताय.” आज त्यांचा हुकूम जुळवायला आला. उद्या सकाळी बारा जणांना फाशी. मथळ्याला तुझीच ओळ हवी होती, ती तयारच होती. खाली नावं. चौथं तुझं.

फोरमन म्हणाला, “सगळी एकाच टायपात घे. आता कुणी लहानमोठं नाही.”

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं रे. पण घरची पोरं डोळ्यांसमोर आली आणि हात चालत राहिले. प्रुफात एकही चूक निघाली नाही.

छपाई झाल्यावर मी त्या ओळीचा दोरा सोडायला गेले. फोरमनने हात धरला.

“राहू दे. उद्याही लागेल.”

तुझीच म्हणवायला लाजणारी,
चिमणी