सोल्यूशनचा वास

२ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र मिळालं. चालताना चप्पल पायातून निसटते आणि तिला कळतही नाही, असं तिने गंमत म्हणून लिहिलंय. मला हसू आलं नाही.

प्रयोगशाळेत आम्ही उंदरांना एका द्रावकाची वाफ देतो. पायांपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या तारेवर असतं तसं. ते धड ठेवणारं एक एन्झाइम या वाफेने मंदावतं. पुढे उंदीर मागचे पाय ओढत चालतात. आज बाटली उघडली आणि तुझ्या कारखान्यातल्या, बुटांचे तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास आला. गेल्या सुट्टीत वहिनी तळ चिकटवते त्या खोलीत तिच्याशी गप्पा मारत बसले होते, तेव्हा कसा ओळखला नाही, हे मला खातंय. आमच्या बाटलीवरचं नाव सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय; तुझ्या डब्यावर तेच आहे का ते कळव. तिला तिथे बसू देऊ नकोस.

तुझी काळजीत पडलेली,
शेंडेफळ

९ मार्च
चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

नाव तेच आहे. ओल्या सोल्यूशनवर धूळ बसते म्हणून त्या खोलीच्या खिडक्या मीच खिळे ठोकून बंद केल्या होत्या. तिचं डोकं दुखायचं, तर मी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणालो. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून पायाला टाचणी टोचली. ती म्हणाली, आता टोचा. टोचून झालं होतं.

पायांचं बधिरपण आधी थोडं वाढेल, मग हळूहळू उतरेल, पण किती ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. खिळे उपटले, सोल्यूशन बदललं, कामगारांनाही तपासून आणलं. तिचं टेबल माळ्यावर टाकलं. मी तिच्यासमोर जेवायला बसत नाही. तुझ्या उंदरांचं पुढे काय होतं, ते मात्र लिहू नकोस.

माया कमी करू नकोस.
दादा

२० ऑगस्ट
चि. शेंडेफळास,
अनेक आशीर्वाद.

काठी आहे, पण फरशीचा गारवा पावलांना कळू लागलाय. तुझा दादा चहा ठेवतो आणि चोरासारखा निघून जातो. डोकं दुखत असताना ऑर्डर अडेल म्हणून मीही गप्प बसले, हे सांगून पाहिलं. त्याच्या कानात शिरत नाही.

माझा राग वेगळाच आहे. माझं टेबल मला न विचारता हलवलं. काल ते उतरवून उघड्या खिडकीशी मांडायला लावलं. नव्या सोल्यूशनला वास नाही. मी चिकटवलेला पहिलाच तळ वाकडा बसला. तुझा दादा भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मी त्याला जोडीचा दुसरा बूट घट्ट धरायला सांगितला. त्याने धरला.

आहे तसाच जीव लाव.
वहिनी