कापसाच्या खोलीला कुलूप लाव

वर्धा,
१८ जानेवारी १९७९

चि. पद्मास आशीर्वाद.

जावई बाबारावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. इकडे थंडी आहे, माझे गुडघे आहेत तसेच आहेत.

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन तिळगुळाच्या. चौथीत लिहिलंस, ‘कुंदाला रविवारी पाठव, शाळा बुडते.’ पहिलीतली शाळा! माझा सगळा जन्म शाळेत गेला, मला शाळेची भीती घालू नकोस.

कुंदा बरी आहे. जेवते. खोकला उतरतोय. शेजारच्या विमलाबाईंना मी सांगितलं, नात हवापालटाला आलीय. तुमच्या रोहण्याच्या शेतातून वर्ध्याला हवापालट! त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पण पुढे विचारलं नाही. भल्या बाई आहेत.

एक मात्र मला आवडत नाही. पोरगी आवाज करत नाही. वाटी ठेवते तीही अशी, की खाली टेकल्याचं कळू नये. काल माझ्या हातून पातेलं पडलं. मी वळून पाहते तो ती जागेवर नाही. पलंगाखाली सापडली, भिंतीला पाठ लावून, तोंडावर हात धरून. मी ओरडले नव्हते गं. नुसतं पातेलं पडलं होतं.

म्हणून आता, मी तुमच्याकडे आले होते त्या दिवसाचं लिहिते. लिहिणार नव्हते.

पोरगी कापसात खेळता खेळता दबली, असं तुमच्या घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. सासूबाई तर म्हणाल्या, “पोट्टे कापसात खेळतच राह्यते. आमी नाई खेळलो का?” खेळला असाल. सरकारी खरेदी केंद्र बंद, म्हणून घरातल्या खोलीत कापूस छताला टेकलाय, आणि तो तुडवायला तुम्ही पोरांनाच आत सोडता. कुठे पाय रुततो, कुठे आत शिरायला जागा होते, हे कुंदाला पाठ आहे. पण ती खेळायला गेली नव्हती.

ओल्या पायांनी ढिगावर चढली, एवढाच तिचा गुन्हा. कापूस भिजला की भाव पडतो, मलाही कळतं. तू उलथण्याने मारलंस. मग दंडाला धरून अंगणात आणलंस, वेचणाऱ्या बायांसमोर उभं केलंस. “पाहा वं बायांनो, या महाराणीले!” माझी मुलगी असं गावरान बोलते, याचंच मला आधी वाईट वाटलं. काय ही माझी अक्कल! बाया हसल्या. पोरगी रडलीसुद्धा नाही.

आणि मी काय केलं? त्याच बायांसमोर तुला फैलावर घेतलं. तुझी मान खाली जात होती आणि मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. कुंदा खोलीत शिरताना मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं. म्हटलं, जाऊ दे, आधी हिला बघते. बाबाराव शेतातून आले, म्हणाले, “कुंदी कुठी हाय वं?” तेव्हा कुठे माझं तोंड थांबलं.

ढिगात लपलेल्या तिला उपसून काढलं, तेव्हा तिचे ओठ निळे झाले होते. बाबारावांनी तिला उपडं करून पाठीवर थापट्या मारल्या, नाकातोंडातून सरकी निघाली, हे सगळं तू पाहिलंस. आणि श्वास सुरू झाल्यावर तिने तुझ्याकडे हात केले, तेव्हा तू चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. तुला लाज वाटत होती, हे मला कळलं. तिला काय कळलं असेल? तू नेहमी असंच करतेस. मारतेस, आणि मग दोन-दोन दिवस तिच्याकडे बघत नाहीस. त्यापेक्षा मार बरा म्हणावा अशी ती शिक्षा आहे.

आमच्या कॉन्व्हेंटात एक सिस्टर होती. चिडली की आधी छडी टेबलावर ठेवायची, खिडकीपर्यंत जायची, परत यायची, मग बोलायची. आम्ही तिची टिंगल करायचो. पण तिच्या वर्गात कुणी बाकाखाली लपलेलं मला आठवत नाही.

राग तर येणारच, तो तू माझ्याकडून घेतलायस. पण चढायच्या आधी तुझे कान तापतात, माझेही तापतात. तेवढं ओळख. हातात असेल ते खाली ठेव आणि विहिरीपर्यंत जाऊन ये. सासूबाई हसतील, हसू दे. आणि तरीही हात उठलाच, तर भिंतीकडे बसू नकोस. पोरीजवळ जा आणि ‘माझं चुकलं’ म्हण. जड जातं. मला हे वाक्य लिहायला सकाळपासून दुपार झाली: बायांसमोर तुला बोलले, माझं चुकलं.

त्या खोलीला कुलूप लाव. आजच.

रविवारी मी कुंदाला पाठवणार नाही. तिचा फ्रॉक घडी करता करता मघाशी म्हटलं, आईकडे जायचं ना आता? ती चादरीवर बोटाने रेघा ओढू लागली. मग हळूच म्हणाली, “आई झोपून राहीन तवा जाऊ न, आजी.”

 याचं उत्तर तिला तू येऊन द्यायचं आहे. पत्र पोचताच निघ.

जिच्यावर तू गेलीस, ती तुझी
आई