टाचेची रेघ

४ फेब्रुवारी

घुमट नाही म्हणून मशिदीची कमिटी रुसली! मॉडेल टेबलावर ठेवलं, तर अध्यक्षांनी आधी वरून पाहिलं, मग वाकून खालून. "हे नमाजगृह आहे की मातीचा ढिगारा?" म्हटलं, टेकडी. वाळूची. एका बाजूने लांब, सावकाश चढण, दुसऱ्या बाजूला एकदम उतार, आणि त्यांच्या पोटात नमाजाची जागा. माथ्यावर एकच लांब फट – उजेड तिथून भिंतीवरून ओघळत खाली येणार. मनोरा नाही, नक्षी नाही, रंग मातीचाच. डांबर संपून वाळवंट सुरू होतं तिथे ही इमारत उभी राहायची आहे. एवढ्या शांततेत तिने आवाज चढवून बोलू नये, इतकंच माझं म्हणणं.

राहिले इमामसाहेब. उठताना म्हणाले, "हा ढिगारा उन्हाळ्यात थंड राहील का?" म्हटलं, ठोकलेल्या मातीची हातभर जाड भिंत आहे, राहील. "मग चालेल."

सुटले!

११ फेब्रुवारी

अब्बा आज नमाजाला पुन्हा तिरके उभे राहिले. दादाने नेहमीसारखं खांद्याला धरून वळवलं. छतावर किब्ल्याचा, म्हणजे मक्केच्या दिशेचा, बाण आहे. या फ्लॅटमध्ये आलो त्याच दिवशी मी स्टुलावर चढून चिकटवलेला, चांगला हिरवागार. फोन अब्बांच्या कपाटावर ठेवून त्यातल्या होकायंत्राने दिशा घेतली होती. साइटवर यंत्राशिवाय पाऊल टाकत नाही, पण घरच्या कामाला फोन पुरतो! तर बाण तिकडे आणि अब्बा खिडकीकडे. वहिनी म्हणाली, "दरवेळी तेवढेच वळतात, पाहिलंस?" दादा म्हणाला, वय झालं, डॉक्टरांना दाखवू.

आयुष्यभर वाळवंटातून ट्रक चालवलेला माणूस. त्यांना स्वतःच्या खोलीत दिशा सापडू नये?

१९ फेब्रुवारी

अब्बा आता सगळंच विचारतात. निळा शर्ट घालू की पांढरा? जिन्याकडे हेच दार ना? काल चहात साखर घातली, आणि मला म्हणाले, "घातली ना मी?" समोरच तर घातली होती.

कोपऱ्यावरच्या मशिदीत जाणंही सोडलं. "चारचौघांत कोणी मला धरून वळवायला नको." हे इतकं साधेपणाने म्हणाले की मला भडभडून आलं. स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी विसळत बसले.

७ मार्च

डॉक्टर म्हणाले, विसराळूपणाची सुरुवात असू शकते. असू शकते! अब्बा एकटे बाहेर पडू नयेत म्हणून दादाने तेवढ्यावर दाराला आतून वरची कडीही लावून घेतली. अब्बांनी कडीकडे पाहिलं आणि दाराजवळच्या चपला आत नेऊन ठेवल्या.

१० मे

मशिदीच्या भिंती उभ्या राहिल्या. दुपारी फटीतून ऊन आलं आणि भिंतीवरचे थर एकेक करून उजळले, वाऱ्याने वाळूवर ओढलेल्या रेघांसारखे. कंत्राटदारसुद्धा हातातला चहा ठेवून फोटो काढायला धावला. त्याने चहा सोडणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

१२ मे

नाक कापलं गेलं!

कामगारांना म्हटलं, आज आतच नमाज पढा, जागा कशी वाटते पाहू. इमामसाहेब पुढे नीट किब्ल्याकडे तोंड करून उभे. मागची रांग मात्र भिंतीच्या वळणाबरोबर वळली – केळ्यासारखी वाकडी! कडेचे दोघे तर जवळजवळ एकमेकांकडे तोंड करून. माझी ती लाडकी वळणदार भिंत! माणूस आधी भिंतीकडे बघतो आणि तिच्या हिशोबाने उभा राहतो, हे मला इतकी वर्षं या धंद्यात घालवून कळू नये?

अध्यक्षांना आयतंच कोलीत मिळालं. "आतून सरळ भिंत घाला समोर." मग टेकडीचं पोटच गेलं. कंत्राटदाराचं म्हणणं, पट्ट्यांचा गालिचा टाका. लाल! म्हटलं, आठवडा द्या.

१५ मे

काही सुचत नव्हतं, म्हणून अब्बांना सहज विचारलं, ट्रक घेऊन जायचात तेव्हा वाळवंटात नमाजाची रांग सरळ कशी धरायचात? तिथे तर भिंतच नाही.

"भिंत कशाला? सूर्य असतो. ट्रकची सावली असते. एकाने टाचेने वाळूत रेघ ओढायची, बाकीच्यांनी तिला पाय लावायचे. अनवाणी पायाला कळते ती, खाली बघावं लागत नाही." बोलता बोलता ताठ बसले होते. आवाजही जुना.

मग एकदम बिचकले. "बरोबर सांगितलं ना मी?"

२६ मे

पास! दगडी फरशीत, जिथे जिथे रांग तिथे एक बारीक खाच – पायाला लागेल एवढीच. अध्यक्षांनी मोजे काढून नमुन्यावर चालून पाहिलं. "गुदगुल्या होतात हो!" म्हणाले, आणि सही केली. गालिचा टळला.

घरी येऊन अब्बांना सांगितलं, तुमची रेघ घेतली. उद्घाटनाला पहिल्या रांगेत तुम्ही हवेत. हसले. मग म्हणाले, "नको. तिथेही मला कोणी वळवायला लागेल."

त्या एका वाक्याने सगळ्या आनंदावर पाणी पडलं. ही जागा बांधली कोणासाठी मग? अब्बा आले नाहीत तर मला तिथे फीत कापण्यात काडीचा रस नाही.

१७ जून

आज खाचांची आखणी. मोजणीवाल्याने यंत्र लावून किब्ल्याची रेषा दिली. मला कुठला धीर – तिथेच सळयांच्या थप्पीवर फोन ठेवून ताडून पाहिलं. रेषा भलतीकडेच! मी ओरडले, थांबा, चुकतंय! मोजणीवाला आला, फोन पाहिला आणि हसत सुटला. "मॅडम, लोखंडावर ठेवलाय. तो आता लोखंडाचंच ऐकणार." फोन उचलून दूर नेला. रेषा जागेवर. सगळे हसले, मीही हसले.

चहा पिताना अब्बांचं कपाट आठवलं. ते लोखंडी आहे.

१८ जून

सकाळी फोन घेऊन गच्चीवर गेले, कपाटापासून लांब. मग खाली येऊन अब्बांच्या खोलीत उभी राहिले. किब्ला खिडकीकडे आहे. अब्बा वळतात तेवढाच.

दादाला आणि वहिनीला बोलावलं. सगळ्यांसमोर बाण खरवडून काढला आणि अब्बांना सांगितलं, तुम्ही कधीच चुकला नाहीत, चूक माझी होती. वहिनी रडायलाच लागली. दादा उठला आणि दाराची वरची कडी काढायला गेला.

अब्बांनी छतावरच्या खरवडलेल्या जागेकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "उद्घाटनाला मी निळा शर्ट घालणार आहे."