पिरंगुटच्या गेटवर घातलेली शपथ

मी, दयानंद भिकाजी ढमाले, वय बासष्ट, राहणार पौड, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे, दबाव कोणाचाही नाही. आयुष्यभर मी कामगारांपुढे बोलत आलो. लिहिताना टाळ्या पडत नाहीत, म्हणून खरे लिहिणे जमेल असे वाटते.

१. पौडचे राहते घर आणि बँकेतील ठेव पत्नी रजनीला, तिच्यानंतर मुलगी स्वरदाला. मोर्चे, सभा, अटक या सगळ्यांत घर रजनीनेच चालवले. तेव्हा मी तिला काही देतो आहे असे म्हणणेही शोभत नाही.

२. पुस्तकांची दोन्ही कपाटे स्वरदाला. समासात तांबड्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. लेखक माझ्या बाजूने बोलला तिथेच त्या आहेत, हे तिच्या लक्षात येईलच. स्वरदा हिंजवडीत नोकरी करते. कारखान्यातल्या माणसांना कोणते काम किती येते ते मोजायचे, म्हणजे उद्या कुठे माणसे कमी पडतील आणि कोणाला काय शिकवायला हवे हे आधी कळते, असे तिचे काम. दिवाळीत जेवताना तिने मला ते नीट समजावून सांगितले. मी तेच पिरंगुटला आमच्या कारखान्याच्या गेटवर सांगितले, फक्त उलटे करून. "माणसं तोलणारी तराजू माझ्या घरातसुद्धा बसली आहे!" लोक खूप हसले. कोणीतरी मोबाइलवर घेतलेले ते भाषण तिच्यापर्यंत पोचले. तिने फोन करून एवढेच विचारले, "बाबा, जेवताना तर पटलं होतं ना तुम्हाला?" मी फोन रजनीकडे दिला.

३. कारखान्याचे अधिकारी शैलेशसाहेब यांच्यावरचा राग मी या कलमाने सोडतो. माझ्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी भिंतीवर पहिल्यांदा तक्ता लावला. प्रत्येकाच्या नावापुढे दर कामाचा एक गोल. शिकत असेल तर पाव रंगवायचा, कोणाच्या देखरेखीखाली जमत असेल तर अर्धा, एकट्याने जमत असेल तर पाऊण, दुसऱ्याला शिकवता येत असेल तर पूर्ण. माझे सगळे गोल पाव होते. नवी यंत्रे आली तेव्हा मी वाटाघाटींच्या टेबलावर होतो, यंत्रापाशी नव्हतो. मोजणी खोटी नव्हती. पण तक्ता लावला पिण्याच्या पाण्याच्या टाकीसमोर, जिथे प्रत्येक माणूस थांबतो. माझ्याबरोबर काम करणारा तानाजी ग्लास भरता भरता म्हणाला, "दादा, भाषणाचा गोल असता तर रंग भाईर सांडला असता." सगळ्यांबरोबर मीही हसलो. त्या हसण्याचा सूड मी यंदा घेतला. साहेबांनी जागा मात्र चुकीचीच निवडली होती, हे माझे मत कायम आहे.

४. माझे व्हर्निअर, मायक्रोमीटर आणि पान्यांचा संच शीतलला. ती आमच्याकडे कंत्राटी कामगार आहे, डोंगरवाडीच्या लिलाबाईंची मुलगी. हत्यारे नव्यासारखी आहेत. कामगारांच्या पुढाऱ्याला हे वाक्य लिहिताना मान खाली घालावी लागते.

५. कारखान्यात नवी लाइन येत आहे. सोमवारी, १७ तारखेला, मोजणी आहे. पाऊण गोल मिळवणाऱ्या कंत्राटी कामगारांना त्या लाइनवर कायम करणार आहेत. संघटनेचा सल्लागार म्हणून मी गेटवर गर्जना केली की माणसाचे माप काढू देऊ नका, गोल रिकामे ठेवा. मी देव मानत नाही हे तालुक्याला ठाऊक आहे. तरीही भंडाऱ्याचे ताट मीच मागवले. आपल्याकडे कागदावरची सही माणूस मोडतो, भंडारा उचलून दिलेला शब्द मोडत नाही, हे मला पक्के माहीत होते. मोजणीला बसणार नाही म्हणून सगळ्यांनी भंडारा उचलला. शीतलनेही. तिला यंत्र एकटीने लावता येते, चालवता येते. ती सोमवारी बसणार नाही. भाषण सन्मानावर होते, पण जपला मी माझाच. याची मला फार लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर तानाजीने हे कलम गेटवर वाचावे आणि शपथ सुटल्याचे जाहीर करावे.

येथवर लिहून झाल्यावर साक्षीसाठी तानाजी आणि लिलाबाई यांना घरी बोलावले व सर्व वाचून दाखवले. त्यानंतर जे झाले तेही नोंदवतो.

लिलाबाई म्हणाल्या, "दादा, हे तुमी मेल्यावर वाचायचं?"

"हो."

"आन् मोजणी कवा हाय?"

"सोमवारी."

"मंग सोमवारच्या आत मरताय व्हय?"

तानाजीला हसू आले, ते त्याने खोकल्यात दडवले. मी तब्येतीचे कारण सांगितले.

"शपथ घालताना बरी धाप लागली न्हाई," लिलाबाई म्हणाल्या. "आवाज तर पार रस्त्यापत्तुर येत हुता. भंडारा तुमी उचलाया लावला, सोडवायचा बी तुमीच, तितंच. माजी पोरगी दोन दिस जेवली न्हाई. तिला शब्द बी मोडवंना आन् काम बी सोडवंना."

तानाजी म्हणाला, "अवं पण लिलाबाई, लोक हसतील दादांना."

"हसू दे की. मेल्यावर कुणी हसत न्हाई, म्हणून तर लिवून ठिवलंय त्यांनी."

मी कागद पुन्हा पुढे ओढला आणि पेन उघडले.

६. म्हणून कलम पाचमधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. उद्या शनिवारी, पहिल्या पाळीची माणसे आत जाण्यापूर्वी, मी स्वतः गेटवर उभा राहून शपथ सोडवीन. माझे गोल पाव होते आणि तेच मला झोंबले होते, हेही सांगेन. तक्ता पाण्याच्या टाकीसमोर नको, ही मागणी तेवढी करीन. स्वरदाला ऐकायला बोलावले आहे. ती येईल की नाही, माहीत नाही.

ठिकाण : पौड, तालुका मुळशी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

लिहून देणार : दयानंद भिकाजी ढमाले (सही)

साक्षीदार पहिले : तानाजी गेणबा शेडगे (सही)

साक्षीदार दुसऱ्या : लिलाबाई भैरू वाघमारे. उद्या गेटवर ऐकल्यावर सही करीन, असे सांगून त्या उठून गेल्या. दोन साक्षी झाल्याशिवाय मृत्युपत्र पुरे होत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, "म्हणूनच." जागा मोकळी ठेवली आहे.