टेकडीवर नेलंच

तीर्थरूप सासूबाई,
चैतालीचा नमस्कार.

हे ट्रेकला गेले आणि कड्यावरून पडले, तेव्हापासून घरात डोंगराचं नाव काढायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. तीन वर्षं मी ऐकलं. पण तुमचा एकवीस वर्षांचा नातू निषाद खोलीबाहेर येईना, माझ्याशी बोलेना. म्हणून रविवारी त्याला वारज्याच्या टेकडीवर नेलंच.

वर पोचल्यावर तो म्हणाला, "आई, त्या दिवशी बाबा मला चल म्हणत होते. मी झोपून राहिलो."

"बरं झालं झोपलास," मी म्हटलं. "नाहीतर मी कुणाकडे बघून जगले असते?"

तो तीन वर्षांनी पहिल्यांदा रडला.

हे त्यानंच तुम्हाला सांगावं, म्हणून हे पत्र पाठवत नाही. मात्र येत्या रविवारीही आम्ही जाणार. त्याच्याकडून कळल्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागवा.

आपली सून,
चैताली