झाकण लावू नये

३ मार्च, सोमवार
बायकोच्या लॅपटॉपवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं. तिने मागितलं नव्हतं. पण मशीन हळू चालतंय असं ती एकदा म्हणाली होती, आणि मी लक्षात ठेवणारा नवरा आहे. एका हॉस्पिटलच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर तिच्याकडे आहे, अठरा तारखेला द्यायचंय. आता आरामात होईल.

४ मार्च, मंगळवार
किरकोळ बाब. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो. इथपर्यंत ठीक. उघडलं की उठत नाही. स्क्रीन काळी, पंखा चालू. बटण दाबून धरून बंद करावा लागतो. तीन पानं गेली. बायकोला समजावलं, यात लिनक्सचा दोष नाही, स्क्रीन चालवणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे. तिने विचारलं, मग पानं त्याच्याकडे मागू का.

६ मार्च, गुरुवार
संकल्प: रोज एक तास. रविवारपर्यंत विषय संपवायचा. ड्रायव्हर बदलला. लॅपटॉप झोपून उठतो, वायफाय उठत नाही. म्हणजे अर्धं काम झालं.

९ मार्च, रविवार. सकाळी १०
लिनक्सवाल्यांच्या ऑनलाइन फोरमवरचे जाणकार म्हणतात, ड्रायव्हर अपडेट करा. दुसरे जाणकार म्हणतात, अजिबात करू नका. दोघांचा मान ठेवला: केला, मग काढला.

दुपारी १
मशीन सुरूच होत नाही.

दुपारी ४
झालं. वायफाय आलं, काळी स्क्रीनही परत आली. अनुभव मात्र वाढला.

१२ मार्च, बुधवार
झाकणावर चिठ्ठी चिकटवली: 'लावू नये.' आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी लावलं. धूळ बसते म्हणाल्या. पाच पानं गेली. बायकोने माझ्याकडे बघितलं. चूक अज्ञानातून होते, म्हणून सासूबाईंना बसवून सगळं सांगितलं: मेमरी जागी असते, बाकीचे भाग झोपतात, एकेकाला उठवायचं काम ड्रायव्हरचं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आधी उठत होता ना?

१४ मार्च, शुक्रवार
सापडलं. मशीन सुरू होताना द्यायची एका ओळीची आज्ञा. घातली. दोनदा झाकण लावलं, दोनदा उठला. तिसऱ्यांदा लावलं नाही. माणसाने विश्वासही ठेवावा.

१७ मार्च, सोमवार
तीन दिवस बायकोची एकही तक्रार नाही. फोरमवर सविस्तर उत्तर लिहिलं. सहा जणांनी आभार मानले. एकाने विचारलं, कितपत तपासलंय? लिहिलं, घरच्या रोजच्या वापरात, सासूबाईंसह.

१९ मार्च, बुधवार
जेवताना सहज विचारलं, काम पोचलं का. म्हणाली, कालच. मी म्हटलं, बघ, शेवटी लिनक्सवरच झालं ना. ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "शनिवारी परत काळा झाला रे तो. तेव्हापासून मी मैत्रिणीकडे जाऊन करतेय. आपला कपाटात आहे."
मला सांगितलं का नाहीस, म्हणालो.
"सांगितलं असतं तर तू परत घेऊन बसला असतास."
कपाटातून काढला. बॅटरी शून्य. चार्ज केला. झाकण लावलं, उघडलं. काळा.
फोरमवर आता आभार नऊ.

२२ मार्च, शनिवार
जुनी सिस्टीम परत टाकली. चाळीस मिनिटं लागली. झाकण लावलं, उघडलं. चालू. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "जमतं की तुम्हाला, जावईबापू."