दोन ठिपक्यांचा दगा

४ फेब्रुवारी, सकाळी
इमारतीत आजपासून नवं युग. सेक्रेटरी या नात्याने निर्णय घेतला: दारांवरचे नंबर माया लोकांच्या पद्धतीने. काय डोकं होतं त्या लोकांचं! ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. वीस झाले की वरच्या घरात चढायचं. आमचा एकवीस म्हणजे ठिपक्यावर ठिपका. वरचा विसाचा, खालचा एकाचा. भारदस्त दिसतो. दोन नंबरच्या दातांच्या डॉक्टरचे ठिपके नुसते शेजारी-शेजारी. सामान्य माणूस.
बायको म्हणाली, येणारा-जाणारा चुकेल. अज्ञानी चुकेल, मी सुनावलं.

६ फेब्रुवारी
पाट्या लागल्या. एका पाटीला एकच स्क्रू. पुरे आहे.

९ फेब्रुवारी
सकाळपासून अनोळखी माणसं गाल धरून आमच्या सोफ्यावर. डॉक्टरने पेशंटना सांगून ठेवलंय, दोन ठिपके दिसले की बेल दाबा. आमची पाटी स्क्रूवर फिरून आडवी झालेली! ठिपके शेजारी-शेजारी. डॉक्टरनेच फिरवली असणार. बायको म्हणते, स्वतःचे पेशंट तो आपल्याकडे कशाला पाठवेल? हिला राजकारण कळत नाही.

१२ फेब्रुवारी
घात! पाटीखाली बायकोने खडूने लिहिलं, २१. साध्या आकड्यांत. माझ्याच दारावर, माझ्याच माणसाने! पुसून टाकलं. तिच्याशी बोलणं बंद. तिच्या अजून लक्षात आलेलं दिसत नाही.

१५ फेब्रुवारी
इमारतभर फिरलो. दारोदारी पाटीखाली साध्या नंबरचे कागद चिकटवलेले. मेहुण्याच्या दारावरसुद्धा! हा माझा उजवा हात. जाब विचारला तर म्हणतो, दाजी, मनाने मी ठिपक्यांच्याच बाजूचा, कागद फक्त पोस्टमनसाठी. फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. म्हणजे कमी गेलं.

१८ फेब्रुवारी
सभेत डॉक्टर उठला, म्हणाला, सेक्रेटरीची निवडणूक घ्या, मी उभा आहे. अनुमोदन कोणाचं? मेहुण्याचं. पाठीत खंजीर!
पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. तिथल्या तिथे नियम केला: ज्याला मत द्यायचं त्याचा फ्लॅट नंबर चिठ्ठीवर ठिपक्यांतच काढायचा. साधे आकडे बाद. ज्यांनी माझे ठिपके शिकून घेतले ते माझेच. डॉक्टर संपला.
बायकोला ठिपके शिकवावेत का? नको. दगाबाजाचं मत मला नको.

२४ फेब्रुवारी
चिठ्ठ्या कापल्या. छान चौकोनी. विजयाचं भाषण तयार. विरोधकांना माफ करणारा परिच्छेद विशेष जमलाय. मेहुण्याला मात्र त्यातून वगळलंय.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी
लोकांना ठिपके येतात. पण एकच आकडा येतो, दोन. चिठ्ठीमागून चिठ्ठी, शेजारी-शेजारी दोन ठिपके. सगळे हसऱ्या चेहऱ्याचे विश्वासघातकी!
एका चिठ्ठीवर मात्र साधं २१. मला दिलेलं मत, पण बाद. मेहुण्याला पश्चात्ताप झाला असावा. उशिरा सुचलं बेट्याला. आपली सचोटी लोकांना दिसावी म्हणून सर्वांसमोर टराटरा फाडली.
शेवटी माझी स्वतःची चिठ्ठी निघाली. डॉक्टर म्हणाला, हेही दोनच. मी ओरडलो, तुम्ही आडवी धरलीय! तो म्हणाला, कशावरून? चौकोनी कागदाची वरची बाजू कुठली, ते दाखवा. कोणालाच दाखवता येईना. मलाही.
माझी एकूण मतं: शिंपला.

२६ फेब्रुवारी, सकाळी
बाहेर पाट्या काढल्याचा आवाज. भाषण फाडून टाकलं. सगळ्या इमारतीत आपलं म्हणावं असं एक माणूस नाही.
बायकोने चहा आणून ठेवला. म्हणाली, तुमचे ते ठिपके मला काही जमेनात, म्हणून मी सरळ एकवीसच लिहिलं चिठ्ठीवर. तुम्हालाच दिलं हो मत. चाललं ना?
चाललं, म्हटलं.